उजव्या बाजूचा कप

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवीत आलेल्या माणसाला स्वतःची चूक लिहावयास बसताना लेखणी थोडी जड वाटते, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु गेल्या उन्हाळ्यात परमुलखात आमच्या हातून जे घडले, ते या मासिकाच्या वाचकांना सांगितल्याखेरीज आमचे समाधान होणार नाही. विषय तसा क्षुल्लक आहे. एका जुन्या फ्रेंच सायकलच्या दोन पायडलांमधला आस, त्याच्या दोन बाजूंचे दोन कप, आणि त्या कपांचे आटे. एवढ्याशा गोष्टीने आमचे चाळीस वर्षांचे ज्ञान एका दुपारी पालथे केले.

आमचे बालपण इंदुरात, राजवाड्याच्या पाठीमागील एका गल्लीत, वडिलांच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात गेले. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नानांच्या दुकानी रॅले, हिंद, सेन-रॅले, ॲटलस, हिरो अशा सर्व जातींच्या सायकली येत. शाळा सुटली की दप्तर फळीवर ठेवावयाचे आणि रॉकेलच्या थाळीत छर्रे धुवावयास बसावयाचे, हा आमचा नेम होता. पायडलांचा आस ज्या आडव्या नळीतून जातो त्या भागाला इंग्रजीत बॉटम ब्रॅकेट म्हणतात. दुकानात त्याचे नाव नुसते 'बी.बी.' असे होते. बी.बी. उघडताना नाना एकच गोष्ट पुनःपुन्हा बजावीत, "डाव्या बाजूचा कप सरळ, उजव्या बाजूचा उलटा." म्हणजे डावा कप नेहमीच्या स्क्रूप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेने फिरविला की सुटतो, चेनच्या बाजूचा उजवा कप मात्र घड्याळाच्या दिशेने फिरविला तरच सुटतो. पुढे आम्ही मराठी विषय घेऊन एम. ए. झालो, सरकारी शाळेत शिक्षक आणि यथावकाश मुख्याध्यापक झालो. व्याकरणाचे काही नियम विसरलो असू, पण हा नियम विसरलो नाही.

आमची कन्या गेली तीन वर्षे फ्रान्समधील सँ-एतियेन या गावी प्रकाशविज्ञानात संशोधन करते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, खात्याकडून परदेशगमनाची अनुमती मिळविण्याचे सर्व सोपस्कार पार पाडून, आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिलो. जाताना सौभाग्यवतींनी मेतकूट, भाजणी आणि लिंबाचे लोणचे घेतले. आम्ही बॅगेच्या आतल्या कप्प्यात वर्तमानपत्राचे एक कात्रण ठेवले. ती राज्यातील महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या जागा भरावयाच्या असल्याची जाहिरात होती. शिक्षण झाले, आता मुलीने घरी परत यावे, हे आम्ही मनाशी ठरविलेले होते. ते तिला कोणत्या दिवशी आणि कोणत्या शब्दांत सांगावयाचे, याची जुळवाजुळव विमानातच चालू होती.

सँ-एतियेन हे गाव कोळशाच्या खाणी, बंदुका, रेशमी फिती आणि सायकली या चार धंद्यांवर वाढलेले. खाणी बंद झाल्या, पण गावाच्या कला व उद्योग संग्रहालयात बंदुका, फिती आणि सायकली यांचे तीन मोठे संग्रह आजही पाहावयास मिळतात. एतियेन मिमार आणि पिएर ब्लाशाँ या दोघांनी १८८५ साली येथे उभारलेला कारखाना पुढे 'मान्युफ्रांस' या नावाने ओळखला गेला. त्याच्या सायकलींचे नाव 'इराँदेल', म्हणजे पाकोळी. त्याची जाडजूड सचित्र सूची घरोघरी जाई आणि खेड्यातला माणूस त्यातून टपालाने बंदूक, शिवणयंत्र किंवा सायकल मागवी. हा कारखाना १९८५ साली कायमचा बंद झाला. याच गावी पॉल द विव्ही नावाचे गृहस्थ राहत. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते १८८७ पासून सायकलस्वारांसाठी नियतकालिक काढीत आणि सायकलला एकाहून अधिक गिअर असावेत असे हिरिरीने प्रतिपादन करीत. गावाबाहेर ११६१ मीटर उंचीवर एक खिंड आहे. १९०३ सालच्या पहिल्या 'तूर द फ्रांस' शर्यतीतील स्वार हीच खिंड चढून गेले होते. व्हेलोसिओ १९३० साली वारले. त्यांचे स्मारक त्या खिंडीत आहे आणि त्यांच्या नावाने तेथे सायकलस्वारांचा मेळावा भरत आलेला आहे.

कन्येच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे यजमान दहा वर्षांपूर्वी निवर्तले. ते त्या मेळाव्याला दर वर्षी जात. तळघरात, रिकाम्या बाटल्यांच्या मागे, त्यांची सायकल भिंतीला टेकून उभी होती: निळ्या रंगाची, पोलादी, १९७० च्या दशकाच्या प्रारंभीची प्युजो. तिला माफाकचे ब्रेक होते, सिंप्लेक्सचे गिअर होते, आणि क्रँक आसावर कॉटर पिनांनी बसविलेले होते, अगदी आमच्या इंदुरी सायकलींप्रमाणे. पायडल फिरविले की आतून जात्यासारखी घरघर येई. बाईंचा नातू महिनाअखेर येणार होता. सायकल चालती झाली तर तो ती घेऊन जाणार, नाही तर तळघर रिकामे करताना ती भंगारात जाणार, असे त्यांनी कन्येच्या मार्फत आम्हांला सांगितले.

आम्ही तत्काळ म्हणालो, "त्यांना सांग, ही सायकल आम्ही दुरुस्त करून देऊ. आमचा जन्म सायकलच्या दुकानात गेला आहे."

कन्या म्हणाली, "बाबा, नक्की ना? त्यांच्यासाठी ती नुसती सायकल नाही."

"अगं, सायकल इथून तिथून सारखीच!" आम्ही उत्तरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम सुरू झाले. प्रथम कॉटर पिना काढल्या. पिनेचा नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी समपातळीत आणून ठेवावा, क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार जमिनीपर्यंत द्यावा, आणि मग हातोडीचा एकच खणखणीत घाव घालावा. आधार नसेल तर तो घाव छर्ऱ्यांवर बसतो आणि कपात खड्डे पडतात. ही नानांची रीत येथेही तंतोतंत लागू पडली. मात्र निघालेली पिन हातात घेताच ती थोडी बारीक वाटली. मोजली तेव्हा ९ मिलिमीटर भरली. आमच्याकडची साडेनऊची असते. हा पहिला इशारा होता. आम्ही तो कौतुकाने पाहिला आणि बाजूला ठेवला.

मग डाव्या बाजूची लॉक रिंग घड्याळाच्या उलट दिशेने सोडविली. तिच्यामागून डावा कप त्याच दिशेने सुटला. आस बाहेर आला आणि काळ्या, घट्ट झालेल्या ग्रीसमधून छर्रे निघाले: पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा, एकूण बावीस. आसावर छर्ऱ्यांच्या वाटेत खड्डे पडलेले होते. घरघर कशाची, हे कळले. येथपर्यंत सर्व काही इंदूरप्रमाणेच झाले, आणि घात झाला तो त्यामुळेच.

आता राहिला उजवा कप. वास्तविक तो जागच्या जागी ठेवून, विजेरीचा झोत आत टाकून, फडक्याने पुसून तपासता आला असता. पण काम करावयाचे तर पुरते करावे, या हट्टाने आम्ही तो काढावयाचे ठरविले. या कपाच्या कडेला पाना धरावयास दोन सपाट बाजू असतात, त्या अगदी पातळ. आम्ही मोठा पाना लावला, दांड्यावर नळी चढविली आणि नानांचे स्मरण करून घड्याळाच्या दिशेने सर्व भार टाकला. कप तसूभर हलला. "हलला!" आम्ही आनंदाने ओरडलो. पुन्हा जोर केला. या खेपेस पाना सटकला, आमची बोटे चौकटीवर आपटून सोलली, कपाच्या सपाट बाजूचा कोपरा गोल झाला आणि निळ्या रंगावर बोटभर लांबीचा ओरखडा उठला. मान वर करून पाहिले तो दारात घरमालकीणबाई उभ्या होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी आमच्या बोटांकडे पाहिले, मग त्या ओरखड्याकडे पाहिले, आणि त्या वर जाऊन आमच्यासाठी पट्टी आणि औषध घेऊन आल्या.

संध्याकाळी कन्या प्रयोगशाळेतून आली. तिने विजेरी घेतली, कपाचा दर्शनी भाग पुसला आणि म्हणाली, "बाबा, इथे ३५ गुणिले १ असं कोरलंय. हे तुम्ही वाचलं होतं?"

आम्ही ते वाचले होते. कारखान्याचा काही क्रमांक असेल, असे समजून सोडून दिले होते. परीक्षेच्या दालनात "प्रश्नपत्रिका आधी नीट वाचा" असे तीस वर्षे सांगणाऱ्या मनुष्याला याहून मोठी शिक्षा काय असावी? कन्येने टेबलावरच्या डाव्या कपाला पट्टी लावली आणि आटे मोजले. दहा मिलिमीटरमध्ये बरोबर दहा आटे भरले.

तिने तो विषय शोधून काढला आणि त्या रात्री जेवणानंतर आम्हांला समजावून दिला. बापाने मुलीसमोर विद्यार्थी होऊन बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. ब्रिटिश मानकात या कपाचा व्यास १.३७ इंच आणि दर इंचाला २४ आटे. उजवा कप उलट्या आट्यांचा. भारतातील सायकलींचा घाट ब्रिटिश वळणाचा, म्हणून नानांचा नियम त्यांना लागू. फ्रेंचांनी मीटर-पद्धती १७९५ साली कायद्याने आणली, आणि त्यांची सायकलही मिलिमीटरमध्ये जन्मली: व्यास ३५ मिलिमीटर, दर मिलिमीटरला एक आटा, आणि दोन्ही कप सरळ आट्यांचे. स्विस मानकात मापे हीच, पण उजवा कप उलटा. इटालियन मानकात ३६ मिलिमीटर व्यास आणि इंचाला २४ आटे, असा मिलिमीटर आणि इंच यांचा संसार. तेथे दोन्ही कप सरळ. जुन्या फ्रेंच सायकलीत हा भेद ठिकठिकाणी आढळतो. सीटखालची नळी ब्रिटिश वळणात २८.६ मिलिमीटर, तर फ्रेंच वळणात २८. हँडलचा दांडा तिकडे २२.२, तर इकडे २२. पुढे १९८० च्या दशकात फ्रेंच कारखानदारही ब्रिटिश आट्यांकडे वळले आणि ही जात मागे पडली.

यातील सर्वांत फसवा भाग असा, की १.३७ इंच म्हणजे ३४.८ मिलिमीटर. ३५ आणि ३४.८ यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. ब्रिटिश कप फ्रेंच नळीत एकदोन वेढे जातोही. पण त्याच्या दोन आट्यांतील अंतर १.०५८ मिलिमीटर असल्याने दहा आट्यांत अर्ध्या मिलिमीटरहून अधिक चूक साठते, आणि जोर केला की नळीतले आटे कापले जातात. कप बदलता येतो, नळी बदलता येत नाही. ती चौकटीचाच भाग असते.

मग ब्रिटिशांनी उजवा कप उलटा का केला? उत्तर मोठे मनोरंजक आहे. एका हाताने बांगडी धरावी, तिच्यात लाटण्याची मूठ सैलसर घालावी, आणि मूठ बांगडीच्या आतील कडेला लावून घड्याळाच्या दिशेने गरगर न्यावी. मूठ स्वतःभोवती मात्र उलट दिशेने वळत जाते. कपाचेही तसेच. आस फिरतो तसा छर्ऱ्यांचा दाब कपाच्या कडेने त्याच दिशेने फिरतो, आणि नळीत केसभर सैल असलेला कप हळूहळू उलट दिशेने सरकू पाहतो. उजव्या बाजूला सरळ आटे असतील तर ही दिशा नेमकी सुटण्याची. म्हणून ब्रिटिशांनी तेथे उलटे आटे दिले. फ्रेंचांनी आटे सरळ ठेवले आणि कप अतिशय घट्ट बसवून काम भागविले. म्हणजे जो कप आधीच जिवाच्या आकांताने घट्ट बसविलेला होता, तो आम्ही नळी लावून आणखी घट्ट केला होता. सुटणारा कप एकदा हलला की सैल होत जातो. आमचा कप हलल्यावर अधिकच आवळला, एवढे तरी आमच्या ध्यानात यावयास हवे होते.

गावात सायकलप्रेमींनी चालविलेली एक कार्यशाळा आहे. सभासद व्हावे, तेथील हत्यारे वापरावी, आपली सायकल आपण दुरुस्त करावी, अशी तेथील रीत. शनिवारी आम्ही बापलेक ती चौकट खांद्यावर घालून तेथे गेलो. एका निवृत्त कामगार गृहस्थांनी ती पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला: कोणत्या दिशेने फिरविली? आम्ही हातानेच दाखविले. ते हसले नाहीत. "स्विस आट्यांची असती तर तुमचे बरोबर होते. पण या काळातल्या प्युजोला दोन्ही बाजू सरळ," असे ते म्हणाल्याचे कन्येने सांगितले.

त्यांनी गंज सोडविणारे तेल आतून-बाहेरून सोडून चौकट आठवडाभर ठेवून घेतली. पुढच्या शनिवारी गोल झालेल्या बाजू कानशीने पुन्हा समांतर केल्या, चौकट आडवी करून कप खाली असलेल्या शिकंज्यात घट्ट पकडला, आणि पाना न लावता सबंध चौकटच एका बाजूने आमच्या व एका बाजूने कन्येच्या हाती दिली. वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने चौकट वळवावयाची होती. आतील आट्यांची काय अवस्था असेल, या विचाराने आमचे हात गार पडले होते. दुसऱ्याची वस्तू, तीही गेलेल्या माणसाची, आम्ही स्वतः होऊन मागून घेतली होती. "एक, दोन, तीन" म्हणून आम्ही जोर केला. कड्‌ असा आवाज झाला. आम्हांला वाटले, संपले. त्या गृहस्थांनी मात्र मान डोलावली. कप सुटला होता. नळीतले आटे शाबूत होते.

आणि कप स्वच्छ पुसून उजेडात धरला तेव्हा त्याची छर्ऱ्यांची वाट आरशासारखी निघाली. एकही खड्डा नव्हता. म्हणजे तो काढण्याची मुळीच गरज नव्हती!

कार्यशाळेतल्या जुन्या सामानाच्या डब्यातून तेवढ्याच मापाचा आस मिळाला. छर्रे आणि ९ मिलिमीटरच्या पिना नव्या घेतल्या. उजव्या कपाच्या आट्यांवर ते धरून ठेवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकून तो त्याच शिकंज्यात आवळून बसविला. मग ग्रीसमध्ये अकरा छर्रे चिकटवून आस घातला, त्याची लांब बाजू चेनकडे ठेवून. डाव्या कपात उरलेले अकरा छर्रे ठेवून तो हाताने चढविला. शेवटची पायरी सर्वांत नाजूक असते. कप सैल राहिला तर आस खुळखुळतो, आवळला तर फिरताना खरखरतो. या दोहोंमधली जागा बोटांनी शोधावी लागते आणि मग कप हलू न देता लॉक रिंग आवळावी लागते. आमची बोटे अजून पट्टीत होती. कन्या म्हणाली, "बाबा, मी करू?" आम्ही पाना तिच्या हाती दिला. तिने तीनदा सोडून चौथ्यांदा बसविला. आस दोन बोटांनी फिरविला तेव्हा तो आवाज न करता फिरला.

त्या रात्री आम्ही बॅगेतले कात्रण काढून तिच्यापुढे ठेवले. विमानात जुळविलेले भाषण मात्र केले नाही. एवढेच म्हणालो, "वाचून पाहा. तुला काय वाटतं ते सांग." तिने ते शेवटपर्यंत वाचले, घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, मला इथे अजून दोन वर्षं हवीत. काम अर्धं झालंय. नंतर कुठे, ते मला आत्ता माहीत नाही." आमच्या जिभेवर पुष्कळ काही आले होते. सौभाग्यवती आमच्याकडे पाहत होत्या. आम्ही म्हणालो, "बरं." दुसरे दिवशी सकाळी चहा घेताना ती नेहमीपेक्षा अधिक बोलत होती.

परत आल्यावर आम्ही माळ्यावरची नानांची पेटी उघडली. तिच्यात त्यांचे पाने आहेत, तुटलेले कॉटर आहेत, आणि एका जुन्या डबीत दहाबारा कप आहेत. एकेक पुसून पाहिला. बहुतेकांचे आटे उलटे, जसे असावेत तसेच. नाना चुकले नव्हते. त्यांच्या दुकानी प्युजो कधी आली नव्हती, इतकेच. आपल्यापैकी पुष्कळांच्या वाड्यांत आजोबांच्या सायकली अजून उभ्या असतील. कोणास त्या पुन्हा चालू करावयाच्या असतील तर त्यांनी अवश्य कराव्या; मात्र पाना लावण्यापूर्वी कपावर काय कोरले आहे ते वाचावे, आणि उजवा कप चांगला असेल तर त्याला हात लावू नये.

दिवाळीच्या सुमारास कन्येने एक छायाचित्र पाठविले. खिंडीतल्या स्मारकापाशी घरमालकीणबाईंचा नातू निळी प्युजो धरून उभा आहे. चौकटीवरचा ओरखडा स्पष्ट दिसतो; बाईंनी तो रंगवू दिला नाही, असे तिने लिहिले आहे. खाली आणखी एक ओळ आहे, "बाबा, त्याने उजवा कप तपासून घेतला. सुटलेला नाही."